मुकादमांची पाहुणी

बोलण्याआधी मुकादम डोक्यावरची टोपी काढायचे, तिच्यात एकदा बघायचे आणि पुन्हा डोक्यावर ठेवायचे. मग जो आवाज निघायचा तो गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा. दरसाल ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर जाणारा माणूस. पहाटे फडात उभं राहून माणसं उठवायची सवय. असा एखादा मुकादम तुम्हीही पाहिला असेल. घरातली साखर संपली हेसुद्धा तो हुकूम दिल्यासारखं सांगतो.

त्यामुळं उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते माझ्या दुकानाच्या पायरीशी आले, टोपीत दोनदा बघितलं आणि कुजबुजायला लागले, तेव्हा माझा मशीनवरचा पाय आपोआप थांबला.

"बाई, आमची एक पाहुणी हाय. माजलगावला."

"बरं."

"तिला ते... तुमाला झालतं, तसलं झालंय."

उमापुरात मी ब्लाउज शिवते. काही वर्षांपूर्वी माझ्या छातीतली गाठ काढली आणि नंतर शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यायला मी संभाजीनगरला राहिले. गावाला सांगितलं होतं, बहिणीच्या बाळंतपणाला गेलते. गावानं मान डोलावली आणि पाठीमागं बोलायचं ते बोललं. आजवर माझ्या तोंडावर तो विषय कुणी काढला नव्हता.

"तिचा शेक चालू व्हनार हाय," मुकादम जमिनीकडं बघत म्हणाले. "कातडी जपा म्हनले डागदर. कशी जपायची ते तुमाला इचारून ये म्हनली."

मी आवाज खाली आणून सांगितलं. कोमट पाणी घ्यायचं, वासाचा साबण नको. घासायचं अजिबात न्हाई, टावेलनं नुसतं टिपायचं. पावडर न्हाई, अत्तर न्हाई, कुणी सांगितलं म्हणून हळद न्हाई. दवाखान्यातलं मलम तेवढं, तेबी कधी लावायचं ते त्यांना विचारून. शेकासाठी अंगावर रेघा मारतील त्या पुसू द्यायच्या न्हाईत. ऊन लागू द्यायचं न्हाई. कापड मऊ, सुती, सैल.

"मग तिला दोन बंड्या शिवा."

"माप?"

टोपी परत निघाली. "माझ्याच अंगाची हाय. थोराड हाय जरा."

मी टेप उचललीच नाही. नजरेनंच माप घेतलं. महिन्यापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं होतं, ते गळवाचं, असं गावाला माहीत होतं. पाहुणी म्हणजे ते स्वतःच, हे आता मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे बहुतेक त्यांनाही. पण पाहुणी मधे होती म्हणून दोघांनाही बोलता येत होतं.

ते रोज पहाटेची गाडी धरून संभाजीनगरला जायला लागले. गावात सांगितलं, जमिनीची केस लागलीय. पारावर माणसं विचारायची, "मुकादम, तारीख पडली का?"

"उद्याची."

"रोजच तारीख? असली केस निजामाच्या काळातबी न्हवती बे!"

सगळे हसायचे, मुकादमही हसायचे. हसताना त्यांचा डावा हात अंगाला चिकटलेला असायचा.

शिवून दिलेल्या बंड्या ते घालत होते, पण वरून तोच इस्त्रीचा कडक पांढरा शर्ट. डाव्या खिशात मोबाईल, चष्मा, तंबाखूची डबी. सगळं वजन नेमकं त्याच जागेवर घासत होतं. सैल मऊ कपड्यात गावातून जायचं तर लोक बायल्या म्हणतील, ही भीती. मी एक सैल सुती शर्ट शिवला, खिसा उजवीकडं लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"खिसा हिकडं कावून?"

"पाहुणीला सोयीचं."

"पाहुणी कुठं शर्ट घालती!" ते बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. शर्टाची घडी काखोटीला मारून निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या दुकानापुढून जायचंच बंद केलं. लांबच्या बोळातून जायचे.

मग एके दिवशी त्यांची बायको आली. डोळे सुजलेले. "काखेतली कातडी सोलून निघालीय. पानी सुटतंय. आता जायचं न्हाई म्हनत्यात. तिथं समद्या बायाच असत्यात, त्यांच्यात बसून नाव पुकारलं की मेल्यावानी व्हतंय, म्हनत्यात."

मी तिच्यासोबत घरी गेले. मुकादम भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "मुकादम, माझीबी अशीच सोलली होती. भरून आली. पण शेक मधेच सोडू नका. उद्या मी संगं येते."

त्यांनी तोंड फिरवलं नाही. पण पहाटे एसटीच्या थांब्यावर उभे होते. अंगात तो सैल शर्ट होता.

दवाखान्यात छातीचा शेक घेणाऱ्यांच्या बाकांवर सगळ्या बायाच. ते दाराजवळ, बायकांना घेऊन आलेल्या नवऱ्यांमधे उभे राहिले. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई उठली. शिरूर कासारची, कितीतरी हंगाम त्यांच्याच टोळीत ऊस तोडलेली.

"मुकादम! तुमी हितं कावून?"

टोपी निघाली. "ह्या बाईंना घेऊन आलो. आमच्या गावच्या हायत."

तिनं माझ्याकडं कणव भरल्या नजरेनं बघितलं. माझी मान खाली गेली. इतकी वर्षं जे मी पदराखाली झाकलं, ते ह्या माणसानं एका वाक्यात दवाखानाभर पसरलं. राग आला. मग त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. टोपी पिळून पिळून दोरी झाली होती.

आतून नर्सनं नाव पुकारलं. त्यांचं. ते हलले नाहीत. परत पुकारलं, वडिलांच्या नावासकट. त्या बाईनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी हळूच म्हटलं, "जा आता."

ते निघाले. तिच्यासमोरून जाताना पाय अडखळले. ती बाजूला सरकली आणि साध्या आवाजात म्हणाली, "हात सावकाश उचला मुकादम. मला काखेत लई झोंबतंय."

"तुलाबी?"

"हाय की. आजवर दुपारची येळ होती माझी."

आयुष्यभर तिला 'ए' म्हणून हाक मारणारा तो माणूस "बरं बाई," म्हणाला आणि आत गेला.

डॉक्टरांनी कातडी बघितली, लवकर का दाखवली नाही म्हणून बोलले, जखम कशी जपायची ते शिकवलं आणि शेक पुढं चालू ठेवला. शेक संपल्यावरही काही दिवस जागा चिडलेलीच होती, मग हळूहळू भरून आली. केसचा निकाल लागला, असं त्यांनी पारावर सांगितलं. माझ्यापुढं मात्र नीट नजर वर करून ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

त्या दिवाळीनंतर टोळी त्यांच्याविना गेली. आजार आतून परत उलटला होता. संक्रांतीच्या आसपास ते गेले.

आम्ही बाया आत बसलो होतो. अंघोळ घालताना बाहेरच्या माणसांची कुजबुज सुरू झाली. एक जण दारात येऊन म्हणाला, "वहिनी, छातीवर हा वण कशाचा? एक बाजू काळी पडलीय."

त्यांची बायको उठून उभी राहिली. "कॅन्सर झालता. छातीचा. गड्यालाबी व्हतो. लाजंपायी कुनाला सांगितलं न्हाई त्यांनी."

माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "बायकांचा रोग गड्याला? कसं शक्य हाय?"

"व्हतो," मी म्हटलं. "मी त्यांच्यासंगं गेलते दवाखान्यात."

"तुमी कावून?" तिनं विचारलं.

खोलीतल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मुकादमांच्या बायकोनंही बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. उत्तर माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. बाहेर तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी पदर ओढून घेतला आणि म्हटलं, "शेजारधर्म."