रघुनाथचे जंत

लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी माझ्या वडिलांना सांगितलं, "मुलगा डॉक्टरांबरोबर काम करतो." ते खरंच होतं. डॉक्टर गुरांचे, एवढंच सांगायचं त्या विसरल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी फ्रिज उघडला, तर श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी छोट्या डब्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीत काळ्या मनुका. मी एक डबी उघडणार तेवढ्यात माझा नवरा रघुनाथ ओरडला, "हात नको लावूस, समथरकडच्या आहेत!" त्या मनुका नव्हत्या, शेळीच्या लेंड्या होत्या. मी तडक माहेरी, म्हणजे झाशी स्टेशनापलीकडच्या रेल्वे कॉलनीत निघून गेले. संध्याकाळी परत आले, कारण श्रीखंड मी केलेलं होतं.

रघुनाथ धर्माधिकारी. आडनाव बघा आणि काम बघा. याचे पूर्वज पेशवाईत झाशीला आले, पूजाअर्चा करून मानाने राहिले. सासूबाई अजून ते ऐकवतात, आणि ऐकवताना त्यांच्या घराण्याच्या तांब्याच्या घंगाळात रघुनाथ आपले गमबूट धूत असतो. जनावरांच्या रोगांची पाहणी करणाऱ्या एका सरकारी योजनेत तो तंत्रज्ञ आहे. स्कूटरवरून गावोगाव जायचं, शेळ्यांच्या लेंड्या आणायच्या, मिठाच्या पाण्यात घोळून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. पिढ्यान् पिढ्या या घराण्याने लोकांची पापं मोजली, त्या मानाने अंडी बरी.

त्याची दुसरी कला पापणीची. शेळीच्या पोटातले जंत रक्त पितात, रक्त गेलं की खालच्या पापणीच्या आतला लाल रंग उतरतो. रघुनाथच्या खिशात रंगांची एक पट्टी असते. अंगठ्याने पापणी ओढायची, पट्टी शेजारी धरायची. लाल असेल तर शेळी ठीक, पांढरी असेल तर तिलाच औषध. सगळ्यांना सरसकट औषध पाजलं तर जंत निर्ढावतात, मग औषध आणि पाणी सारखंच, हे तो ज्याला त्याला सांगत सुटतो. सवय इतकी वाईट की साखरपुड्यात त्याने माझ्या वडिलांची पापणी ओढून बघितली. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यांनी गाड्या थांबवल्या होत्या, पण याला थांबवता आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या पावसाळ्यात समथरच्या रस्त्यावरच्या एका गावात हरबाई नावाच्या बाईच्या शेळ्या खंगायला लागल्या. हरबाई विधवा, तिचं सगळं जग म्हणजे त्या शेळ्या. शेजारीच तिची धाकटी जाऊ गनेशी राहते. दोघींच्या शेळ्या तळ्याकाठी एकत्र चरायच्या. रघुनाथने हरबाईच्या शेळ्यांच्या पापण्या बघितल्या, निम्म्या पांढऱ्याफटक. त्याने त्यांना औषध पाजलं आणि हरबाईला कारण सांगायला बसला.

इथे त्याने माती खाल्ली. कॉलेजात तो हिंदीतून 'कृमि' शिकला. पण कृमि हा पुस्तकी शब्द, गावातल्या बाईला काय कळणार? म्हणून त्याने आपल्या मते अगदी साधा, घरगुती शब्द काढला. लहानपणी त्याचं पोट दुखलं की सासूबाई म्हणायच्या तो. तो म्हणाला, "बाई, इनको जंत हैं. बहुत जंत हैं."

घरगुती होता, हे खरं. पण घर कुणाचं? झाशीतल्या या जुन्या मराठी मंडळींचा हा ठरलेला घोटाळा आहे. घरात जे बोलतात ते साधं, आणि जे साधं ते सगळ्या बुंदेलखंडाला कळतं, असा त्यांचा समज. मी भुसावळहून आलेल्या रेल्वेवाल्यांची मुलगी, मला मराठी कुठे संपते आणि हिंदी कुठे सुरू होते ते ठाऊक असतं. यांना नाही.

हरबाईने ऐकलं 'जंतर'. म्हणजे करणी. शेळ्यांवर कुणीतरी करणी केली आहे, असं खुद्द पंडितजी सांगतायत. (आडनावामुळे गावोगावी रघुनाथला पंडितजीच म्हणतात.) वर औषध पाजताना कुठल्या शेळीला किती मात्रा द्यायची ते तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, तिला वाटलं मंत्र चाललाय. करणी कुणी केली याचा हिशेब तिने स्वतःच लावला. गनेशी नेमकी त्याच दिवशी माहेरी गेली होती. पंडितजी यायच्या दिवशीच बरी गेली!

रघुनाथला यातलं काही माहीत नव्हतं. तो पुढच्या फेरीला गेला तर हरबाईच्या शेळ्यांच्या पापण्या गुलाबी. दर पावसाळ्यात औषधानंतर चार दिवस बरं वाटायचं आणि तळ्याकाठच्या ओल्या गवतातून जंत पुन्हा पोटात जायचे. या वेळी गेले नव्हते, कारण हरबाई आता शेळ्या टौरियावर, म्हणजे गावामागच्या दगडी टेकडीवर, बोरीच्या झुडपांत चारत होती. "तळ्याकाठी चारू नका" हे रघुनाथ वर्षानुवर्षं सांगत होता. शेवटी एकीने ऐकलं! त्या रात्री जेवताना त्याने लेंड्यांतल्या अंड्यांचे आकडे मला इतके प्रेमाने ऐकवले की मी वरणाचं पातेलं उचलून आत नेलं.

मग एके दिवशी आमच्या दारात एक म्हातारा आला. त्याची म्हैस दूध देत नव्हती.

"पंडज्जी हैं? बेई, जो जंतर उतारत हैं?"

मी म्हटलं, इथे कुणी जंतर उतरवत नाही, इथे लेंड्या तपासतात. तो ऐकेना. मग त्याने सगळी हकीकत सांगितली. हरबाईच्या शेळ्यांवरचं जंतर पंडज्जींनी पकडलं, करणारी तिची जाऊ निघाली. आता गनेशीच्या घरी कुणी जात नाही, विहिरीवर बायका तिला बघून घडा उचलतात. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पण मुलाकडचे म्हणतायत, असल्या घरात नको.

मी आधी हसले, खोटं कशाला बोलू? जंत, जंतर! सासूबाई तर खूश झाल्या, "शेवटी रक्त बोललंच," म्हणाल्या आणि म्हाताऱ्याला बसायला पाट दिला. पण मुलीच्या लग्नाचं ऐकलं आणि माझं हसू गेलं. रघुनाथ दारात उभा होता. त्याच्या पापणीला तेव्हा पट्टी लावली असती तर औषध द्यावं लागलं असतं.

म्हातारा गेल्यावर मी म्हटलं, "उद्या जाऊन खरं सांग."

तो म्हणाला, "जाऊला टाळायलाच हरबाई टेकडीवर चारतेय. खरं सांगितलं तर ती परत तळ्यावर जाईल गं. भांडण मिटलं की शेळ्या पुन्हा एकत्र. पुन्हा जंत. आत्ता कुठे सगळं ठीक झालंय."

"काय ठीक झालंय?"

"शेळ्या."

मला त्याचा इतका राग आला! त्याच्या डोक्यात शेळ्यांशिवाय काही नसतं हे मी इतकी वर्षं कौतुकाने सांगत आले होते. मी म्हटलं, "त्या मुलीचं लग्न तुझ्या एका शब्दाने मोडतंय. तो शब्द तुझ्या आईचा आहे, माझ्याही आईचा आहे. तो तू तिथे टाकून आलास. जा आणि उचलून आण." सकाळी स्कूटर काढताना त्याने मागची सीट माझ्यासाठी पुसली.

हरबाईच्या अंगणात रघुनाथने सरळ हात जोडले. "अम्मा, किसी ने कुछ नहीं किया. मैंने जंत कहा था, जंतर नहीं. जंत माने पेट के कीड़े. हमारे यहाँ मराठी में कहते हैं."

हरबाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मराठी काए? तुम तो झाँसी के हो."

घराण्याच्या अडीचशे वर्षांचा निकाल एका वाक्यात लागला. मग तिने मला विचारलं, "काए बिन्नू, जे सांची कै रए?" मी म्हटलं, हो अम्मा, खरंच बोलतायत, आमच्यात पोटातल्या किड्यांना जंत म्हणतात. ती हसली. "घरबारी खों सिखा कें ल्याए." बायकोला पढवून आणलंय! भांडण मिटवायला पंडितजी खोटं बोलतायत, एवढंच तिने त्यातून घेतलं. एव्हाना गल्लीतली माणसं जमली होती. रघुनाथ पुन्हा समजावू लागला. तोंडातून 'कृमि' निघालं, मग 'परजीवी' निघालं. मी त्याचा सदरा ओढला. शब्दांनी जे बिघडवलं ते शब्दांनी सुधारण्यातला तो नव्हता.

तो थांबला आणि उठून सरळ गनेशीच्या दारात गेला. दार आधीच उघडलं होतं, ती आतून सगळं ऐकत होती.

"अब का लैबे आए?" ती म्हणाली. मी अशी संतापलेली बाई जवळून कधी बघितली नव्हती.

"बकरियाँ दिखा दो."

"देख लो. मर रईं."

गोठ्यात शेळ्या बसूनच होत्या. एकीच्या जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबत होती. रघुनाथने तिची पापणी ओढली आणि, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल, काहीही न बोलता बाजूला झाला. त्याने फक्त हरबाईकडे बघितलं.

हरबाई गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मग आत आली. त्याला इतक्या वेळा करताना बघितलं होतं, तसा तिने अंगठा लावला आणि पापणी खाली घेतली. पांढरी. तिने दुसरी शेळी धरली, तिसरी धरली. सगळ्या पांढऱ्या, तिच्या शेळ्या कधीच झाल्या नव्हत्या इतक्या. जी बाई दुसऱ्याच्या शेळ्यांवर करणी करते, ती आपल्याच शेळ्या अशा मारून कशाला घेईल? हे कुणी बोललं नाही, पण हरबाईच्या चेहऱ्यावर ते एकेक करून उतरताना मी बघितलं. ती शेवटच्या करडाची पापणी धरून तशीच वाकून राहिली, आणि मला वाटलं, ही आता रडणार.

ती रडली नाही. कमरेवर हात ठेवून सरळ झाली, बाहेर गल्लीत उभ्या असलेल्यांकडे बघून, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "गनेशी, पानी पिया." ज्या घरी कुणी जात नव्हतं, तिथलंच पाणी तिने मागितलं.

गनेशी हलली नाही. मला वाटलं नाही देणार, आणि नसतं दिलं तर मी तिला दोष दिला नसता. मग ती आत गेली आणि भरलेला लोटा घेऊन आली. हरबाई भर दारात, सगळ्यांसमोर, घटाघटा प्यायली. तोंड पुसून म्हणाली, "कल सें टौरिया पै. हमाए संगै." गनेशीने नुसती मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

रघुनाथने बॅगेतून औषधाची बाटली काढली, पांढऱ्या शेळ्यांना पाजायला घेतली, या वेळी ओठ घट्ट मिटून. सगळं झाल्यावर घाम पुसत त्यानेही ओंजळ पुढे केली. गनेशीने लोटा मागे घेतला.

"तुम तला पै पी आओ, पंडज्जी," ती म्हणाली. "उतईं तुमाए जंत हैं."

सगळी गल्ली हसली. मीही हसले. रघुनाथला मात्र आपला पाणउतारा झालाय हे कळलंच नाही. तळ्यात जंत असतात, हे त्याला आजवर कुणी आपणहून म्हटलं नव्हतं, आणि तेही जंतला जंत म्हणून! तो ओंजळ तशीच धरून, आनंदाने पुन्हा पुन्हा मान डोलावत उभा होता.