खर्जाची पट्टी

आईच्या बाजाच्या पेटीचं झाकण उघडलं की कापराचा वास येतो आणि जळकोटचा तो रविवार परत येतो. भूकंपानंतर कितीतरी आठवडे आमची उपासना चर्चबाहेर लिंबाखालीच व्हायची, छताखाली बसायला कुणी धजत नव्हतं. त्या सकाळी पहिल्यांदा आत बसलो. खिडकीतून कोवळं ऊन धुरासारखं उतरत होतं, आई पेटीवर गीत वाजवत होती. तिनं खर्जाची पट्टी दाबली, त्या घुमाऱ्यानं काचा थरथरल्या, आणि "हललं, हललं!" म्हणत आम्ही सगळे अंगणात पळालो. आत आईचा आवाज मात्र चालूच होता, एकटा, संथ. तो ऐकत आधी पाळकसाहेब वळले, मग एकेक जण आत आला, आणि शेवटचं कडवं सगळ्यांनी मिळून म्हटलं. "बाईचा विश्वास लई मोठा हाय," लोक म्हणाले. घरी आई मला म्हणाली, "विश्वास कसला, पदर अडकला व्हता भात्याच्या कडीत." "मग गात कशाला राहिलीस?" "भ्या वाटलं की दुसरं काय येतं मला?" काल लेकीला लातूरला कोचिंगसाठी होस्टेलवर सोडून आले. आज घर फार शांत आहे, आणि मी पेटी पुढ्यात ओढून बसले आहे.