वर्कग्रुपचं नाव मी बदललं होतं

सुनील गेला. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली होती.

हे त्याला माहीत होतं आणि मला. तिसऱ्या कुणालाच नाही.

सतरा-अठरा वर्षं झाली असतील. कोथरूडमध्ये दोन फ्लॅट जोडून केलेलं आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. सुनील तिथला नेटवर्कवाला. मूळचा यवतमाळकडचा.

"काय झालं मॅडम, दिसून नाही राहिलं का?" म्हणत यायचा.

कधी चिडला नाही. पुण्यात राहूनसुद्धा.

एका शनिवारी मी ऑफिसचा लॅपटॉप घरी नेला. नवऱ्याच्या पीसीवरून फाइल्स घ्यायच्या होत्या, पण दोन्ही मशीन्स एकमेकांना दिसेनात. एकाच वर्कग्रुपमधली मशीन्स एकमेकांना दिसतात, एवढं मला ठाऊक होतं. मी सेटिंग्जमध्ये जाऊन वर्कग्रुपचं नाव बदललं.

GHAR.

काम झालं. नाव परत बदलायचं विसरले.

सोमवारी क्लायंट आला. डेमोचा सगळा डेटा माझ्या लॅपटॉपवर, आणि आमचं सॉफ्टवेअर तो नेटवर्कवरून उचलायचं. कॉन्फरन्स रूममधल्या स्क्रीनवर माझं मशीन दिसेचना.

वीस मिनिटं गेली. क्लायंट "लंच करून येतो" म्हणाला.

डायरेक्टर सगळ्यांसमोर ओरडले, "सुनील, तुम्ही इथे करता काय नेमकं?"

सुनील माझ्या टेबलाशी आला. कमांड टाइप करायची ती काळी विंडो उघडली आणि टाइप केलं:

net config workstation

भराभर ओळी आल्या. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. Workstation domain. वर्कग्रुपचं नाव तिथे येतं.

त्याने ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

नोकरीत कायम होण्याचं माझं कन्फर्मेशन त्याच आठवड्यात होतं. मी खाली बघितलं.

दारातून डायरेक्टरांनी विचारलं, "काय सापडलं?"

"वर्कग्रुपचं नाव चुकलं होतं सर. माझ्याकडून राहिलं."

त्याने नाव बदललं, मशीन रीस्टार्ट केलं, सगळं दिसायला लागलं. क्लायंट मात्र लंचहून परत आलाच नाही.

पुढे मंदी आली. कमी करायच्या लोकांची यादी निघाली. पहिलं नाव सुनीलचं.

शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. एका चिठ्ठीवर ती कमांड लिहून दिली. "मॅडम, पुन्हा असं झालं तर हे टाका. आता मी नसणार इथे."

मी "थँक्यू" म्हणाले.

फक्त थँक्यू.

मला कन्फर्मेशन मिळालं. मग प्रमोशनं मिळाली. त्याला पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही. काही वर्षं घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त केले, मग लोणी काळभोरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट झाला. विश्रांतवाडीहून रोज स्कूटरवर. दर दिवाळीला त्याचा मेसेज यायचा. मी हात जोडलेला इमोजी टाकायचे.

शुक्रवारी लॅबमध्येच हार्ट अटॅक आला.

काल त्याच्या घरी गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेले होते. रिक्षात वाक्यंसुद्धा जुळवली होती.

वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव घ्यायचे हे. त्या ऑफिसात एक मॅडमच नीट बोलत होत्या म्हणायचे."

मग म्हणाल्या, "ते ऑफिस काहून सोडावं लागलं, ते मात्र यांनी कधी नाही सांगितलं. तुम्हाला माहीत आहे का?"

त्यांनी मला सरळ विचारलं होतं.

मी म्हणाले, "मंदी होती हो तेव्हा."

आणि उठले.

वहिनी फेसबुकवर नाहीत. म्हणूनच हे इथे लिहायचं धाडस होतंय, तेही कळतंय मला.

कृपया कमेंटमध्ये माझी समजूत घालू नका.

सुनील, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. नंतरही कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं. कालसुद्धा.

श्रद्धांजली, सुनील. माझ्याकडून एवढीच.