फीड बंद केल्याचा मेमो

"सिस्टर, फीड कोणाच्या ऑर्डरने बंद केलं?"

"माझ्या," मी म्हणाले.

सकाळचा राउंड. धुळ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत मी इन्चार्ज सिस्टर. प्रश्न विचारणारे आमचे मोठे डॉक्टर. बेडवर अमळनेरचे आबा. न्यूमोनियाचा संसर्ग रक्तातून अंगभर भिनलेला, व्हेंटिलेटर, बीपी टिकवायला औषधाचा पंप, नाकातून पोटात नळी.

नळीतून दूध, म्हणजे फीड, देण्याआधी आम्ही सिरिंजने ओढून आधीचं किती उरलंय ते बघतो. त्या दिवशी जवळपास सगळंच परत आलं, तेही कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट. पोट फुगलेलं. आबा गुंगीत, दुखतंय हे सांगणार कोण? पोट दाबलं तर कपाळावर आठी आली.

आमच्याकडची चाल अशी, की उरलेलं परत ढकलायचं आणि चार्टवर 'फीड दिलं' लिहायचं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं होतं.

शरीर संकटात असलं की रक्त आधी मेंदूला, हृदयाला देतं. जठर-आतड्याचं कापतं. बीपीचं औषध तिथल्या नसा आणखी आवळू शकतं. मॉनिटरवर आकडा झकास, आणि आत आतडं मरत असतं.

आबांचा मुलगा दारातून म्हणाला, "सिस्टर, आबा उपाशी शे. दूध काबरं बंद करं?"

"भाऊ, आज उपाशी राहिले तरच पुढे जेवतील."

डॉक्टर वैतागले. "बीपी चांगलं आहे. निदान करणं तुमचं काम नाही."

असोद्याच्या बाजारात आईशेजारी भाजी विकत मी वाढले. घासाघीस मला येते. "सर, एक लॅक्टेट पाठवा. नॉर्मल आलं तर मेमो द्या, सही करते. वाढलं तर सीटी आणि सर्जन."

"आणि तोपर्यंत?"

"फीड बंद."

लॅक्टेट म्हणजे रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल. दोनच्या आत हवं. सहा आलं. सरांनी सीटीला फोन लावला.

आतड्याकडे रक्त जेमतेम पोचत होतं. सर्जनने पोट उघडलं. वीतभर आतडं काळं पडलेलं, ते काढलं. बाकी वाचलं. आबा घरी गेले ते मुगाची खिचडी खाऊन.

केस पेपरवर 'वेळीच निदान' सरांच्या नावावर लागलं. मला मेमो मिळाला, ऑर्डरशिवाय फीड बंद केल्याचा. सौदा त्यांनी मोडला, मी नाही. सही केली आणि खाली लिहिलं, 'मान्य. लॅक्टेट सहा होतं.'

नवी सिस्टर आली की पहिल्या दिवशी तो मेमो वाचायला देते. म्हणते, "सिरिंजमध्ये जे येईल तेच चार्टवर लिही. मेमो आला तर माझ्या नावावर घेईन, माझ्या फाइलमध्ये जागा आहे."