सूर्याची चौकशी

बावड्याच्या चाँदभाईंना रानाची मोजणी करायला बोलवा, ते आधी लेकीला विचारतात, "सिमरन, आज सूर्य कसा हाय गं?" सिमरन मोबाइलवर बघून सांगते. सूर्य खवळलेला असला तर चाँदभाई घरचा उंबरा ओलांडत नाहीत. लोक हसतात. म्हणतात, म्हातारा उन्हाला भ्याला. हसेनात का!

तीस वर्षं त्यांनी साखळी ओढून बांध मोजले. पुढं उपग्रहावर चालणारं यंत्र आलं. ते काठीवर बसवायचं, हिरवा दिवा टिकला की खूण करायची. पण चाँदभाईंचा नेम एकच: यंत्रानं मोजलं तरी साखळी लावून ताळा घ्यायचा, मगच हद्दीचा दगड रोवायचा. म्हणून त्यांच्या दगडाला कुणी हात लावत नसे.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात ते पिंपळीला गेले. गेणबा आणि त्याच्या शेजारचे मोहनराव यांच्यात चार फुटांचा वाद होता, आणि त्या चार फुटांत गेणबाच्या आईनं लावलेली चिंच होती. यंत्राचा दिवा हिरवा व्हायचा, परत विझायचा. ऊन मी म्हणत होतं. एकदाचा दिवा टिकला, आणि चाँदभाईंनी साखळी गाडीतनं काढलीच नाही. कंटाळा केला, दुसरं काय! दगड रोवला. चिंच मोहनरावांकडं गेली.

"असू द्या की गेणबा, चिंचा दोघं मिळून खाऊ," मोहनराव म्हणाले. गेणबानं नव्या दगडाकडं एकदा बघितलं आणि घरची वाट धरली.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: सूर्यावरून तापलेल्या प्लाझ्माचे लोळ उसळले, पृथ्वीपर्यंत येऊन धडकले, उपग्रहांचे संदेश भरकटले. चाँदभाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. साखळी घेऊन त्यांनी तडक पिंपळी गाठली, बांध पुन्हा मोजला. दगड चार फूट चुकला होता. आणि चिंचेच्या जागी नुसता बुडखा उरला होता.

चाँदभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गेणबा, चूक माजी हाय. झाड तुजंच हुतं. कुणी तोडलं रं?"

"मीच. दुसऱ्याच्या रानात आपलं झाड कशाला ठिवायचं?"

"आरं, पण भांडायचं तरी!"

"दुसऱ्या कुणी दगड रोवला असता तर भांडलो असतो, चाँदभाई," गेणबा म्हणाला. "तुमी रोवला हुता."