पोट आत घ्या, कार्पेट एरिया मोजतेय!

बँकांसाठी फ्लॅट मोजायचं काम धरलं तेव्हा वाटलं होतं, काय असतंय त्यात, लांबी गुणिले रुंदी! पण मीरा-भाईंदरमध्ये कुणाचंही दार उघडलं की आकडे राहतात बाजूला आणि किस्सेच पदरात पडतात. मी आणि माझे जोडीदार सावंतकाका, आमच्या बॅगेत टेपपेक्षा जास्त तेच भरलेत.

\*

नया नगर. काकांनी लेझर मीटर धरला, पण खोलीचा आकडा काही केल्या नकाशाशी जुळेना. फूटभर गायब! बघते तर लाल ठिपका थेट मालकांच्या शर्टावर. बिचारे अदबीनं भिंतीला टेकून उभे.

"भाईसाब, थोडा हटिए ना."

हटायचं सोडून त्यांनी श्वास रोखला, पोट आत घेतलं. "मॅडम, अब देखिए, बढ़ा क्या?"

\*

भाईंदर पश्चिम. मालक म्हणे सातशे फूट, आमचं माप पावणेपाचशेच्या पुढे सरकेना. बँक घराच्या आतली, वापरता येणारी जागाच धरते, तिलाच कार्पेट म्हणतात. हे ऐकून गृहस्थ असे तापले! "बिल्डरनं सातशे सांगितलेत. चला, दाखवतो!"

लिफ्ट दाखवली, जिना दाखवला, गच्ची दाखवली, शेवटी गेटवरची केबिन. "यात पण माझा हिस्सा आहे, लिहा!"

आतला वॉचमन धडपडत उठला. "साब, मेरे को भी नापेंगे क्या?"

\*

कोळीवाड्यात एक मावशी अंगण मोजा म्हणून हटून बसल्या. काका म्हणाले, "मावशी, अंगण राहत्या जागेत धरत नाहीत."

"आम्ही जेवतो हितं, झोपतो हितं, भांडतो पन हितंच! मंग घरात काय हाय?"

काकांनी टेप गुंडाळला आणि गपचूप चहा घेतला.

\*

पण पेणकरपाड्याची सर कशालाच नाही! दोघं भाऊ, मूळचे रत्नागिरीचे. फ्लॅट एक, नावावर दोघांच्या, आणि आत मधोमध प्लायचं पार्टिशन. चुली वेगळ्या, जावांचा अबोला कित्येक वर्षांचा. धाकट्याच्या मुलीला मेडिकलला ॲडमिशन मिळालेली, फी भरायला फ्लॅटवर कर्ज हवं होतं. फीची मुदत तोंडावर!

आणि नकाशात किचन एक, घरात दोन. असा रिपोर्ट गेला तर बँक फाइल अडवणार, हे दिसतच होतं. मी दोन्हीकडे जाऊन हात जोडले, "एक ओटा काढा हो, पोरीसाठी!"

थोरली म्हणाली, "तिला सांगा." धाकटी सुनीता म्हणाली, "त्यांना सांगा."

एवढी हुशार पोर, आणि अडली कुठे तर ओट्यावर!

चार दिवसांनी पुन्हा गेलो. थोरलीकडे ओटा गायब, नुसती उखडलेली भिंत. मी अशी खूश झाले! उड्या मारतच पलीकडे गेले मोजायला, तर तिथंही उखडलेली भिंत!

काका पुटपुटले, "मॅडम, किचन शून्य."

मी ओरडलेच, "अहो, एक तरी ठेवायचा होता ना!"

प्लायपलीकडून थोरलीचा आवाज आला, "मी काढला माझा. पोरीचं अडायला नको."

धाकटीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! ताई, मी पण!"

पलीकडून थोरलीनं प्लायवर थाप मारली.

"सुनीता, पक्कड आण गं. आधी हे काढू, मग ओटा कुठं घालायचा ते बघू."