सत्यभामाबाईच्या गळ्यातली पुतळी

सत्यभामाला बिजवराला दिली, तेव्हा मांडवातच तिच्या गळ्यात दोन गोष्टी पडल्या. एक मंगळसूत्र आणि दुसरी सवत.

सवत म्हणजे चालतीबोलती नव्हे. गोमाजीची पहिली बायको गोदावरी तापानं गेली होती. पण मेली म्हणून तिचा मान कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. त्यांच्यात रीतच तशी होती. दुसरी बायको घरात आली की सोनाराकडून नखाएवढी चांदीची पुतळी घडवायची, तिच्यावर बाईचं रूप ठोकायचं, पहिलीच्या नावानं हळदकुंकू लावायचं आणि काळ्या दोऱ्यात ओवून नवीच्या गळ्यात बांधायची. मग नवीनं घास खायच्या आधी तो पुतळीला दाखवायचा, नवं लुगडं नेसायच्या आधी तिला लावायचं. आणि ती पुतळी काही झालं तरी काढायची नाही. सासूनं, जनाबाईनं, पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, "गळ्यातून उतरवली न, तं गोदावरी तुले घेऊन जाईन. मंग मले म्हणशील, सांगतलं नाई."

म्हणशील कशी, आणि कुठून, हे काही जनाबाईनं सांगितलं नाही.

या सगळ्याला सत्यभामा तयार होती. तिची तयारी नव्हती ती बेबीला तोंड द्यायची. बेबी म्हणजे गोदावरीची पोरगी. तेव्हा ती शाळेच्या पहिल्या पायरीवर होती. पोरीनं नव्या बाईच्या गळ्यातली ती चकाकी पाहिली आणि आजीला विचारलं, "हे कोण हाये?" जनाबाई बोलून गेली, "तुही माय."

झालं! पोरीनं ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती सत्यभामेसमोर येऊन उभी राहायची, नजर बरोबर गळ्यावर, आणि पुतळीशी बोलायची. "माय, हिले सांग, मले भूक लागली." सत्यभामा मुकाट्यानं भात वाढायची. "माय, हिले म्हण, वेणी घट्ट नोको घालू." सत्यभामा वेणी सैल करायची. एकाच घरात राहून, एकाच ताटाजवळ बसून पोरगी कधी वीतभर वर, तिच्या तोंडाकडे पाहायची नाही. तेवढंच एक सत्यभामेला हवं होतं. दागिना नको, चुलीवरचा हक्क नको, स्वतःचं मूल झालं नाही त्याचीही तिनं कधी कुरकुर केली नाही. पोरीनं मान जरा वर करावी आणि आपल्याला पाहावं, एवढंच.

बाई रागावली असती तर बरं झालं असतं. पण सावत्र आईला रागावायची कुठं मुभा असते? सख्खी आई पाठीत धपाटा घालते आणि लोक हसतात. सावत्रनं नुसता आवाज चढवला तरी अख्खी आळी कान टवकारते. म्हणून सत्यभामेनं पोरीवर कधी हात उचलला नाही, की मोठ्यानं बोलली नाही. अशानं माया कशी वाढणार, सांगा!

बेबी मोठी झाली तसं तिला पुतळीशी बोलायची लाज वाटू लागली. मग घरात ती बोलेनाशीच झाली. तिचं सगळं बोलणं बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात. धान कापून नेलं की गावाभोवतीच्या बांध्या मोकळ्या पडायच्या. पोट्टे त्यातली धसकटं उपटून मैदान करायचे आणि दिवस मावळेपर्यंत कबड्डी खेळायचे. त्या पोट्ट्यांत ही एकटी पोट्टी. जनाबाई कपाळावर हात मारून घ्यायची, "देवानं पोट्टं बनवता बनवता इले पोट्टी काहून केली?"

पुढं वरठीकडच्या मोठ्या शाळेत ती जाऊ लागली आणि तिथं सुलोचनाबाई भेटल्या. खेळ शिकवणाऱ्या बाई. पांढरी साडी, पायात कापडी बूट आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरला, शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला. बेबीची चढाई पाहून त्या खूश झाल्या, पण तिचा एक दोष त्यांच्या लगेच ध्यानात आला. कोणी घोटा पकडला की बेबी बसलीच. नुसती हिसके देत राहायची आणि दम जायचा. "घरी कोणाला तरी पाय धरायला लाव," बाई म्हणाल्या, "आणि सोडवायला शीक. नाहीतर मी तुला संघात घेऊन काय करू?"

घरी कोण होतं पाय धरायला? बापाला हे सगळे रिकामटेकडे धंदे वाटायचे. आजीची हाडं कुरकुरत होती. दोन दिवस बेबी घुम्यासारखी फिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामा अंगणात धान पाखडत होती, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. नजर गळ्यावर. कितीतरी वर्षांनी तिचा तो जुना सूर पुन्हा निघाला.

"माय, हिले सांग, माहा पाय धर म्हणून."

सत्यभामेनं सूप खाली ठेवलं. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला बांधला आणि वाकून पोरीचा घोटा असा पकडला, की बेबी "अवो बाप्पा!" म्हणून धुळीत आपटली. रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून धान लावणारे ते हात. ते काय सुटतात?

पोरगी हिसके देऊ लागली. सत्यभामा पाहत राहिली आणि तिला एकदम हसू आलं. "अशी सरळ काहून ओढतं वो? बांधीत गुडघाभर चिखलातून पाय कसा काढतो आपण? सरळ ओढला तं आनखी रुततो. आधी टाच फिरव. चिखलाले जरा फसव. मंग खेच."

बेबीनं टाच फिरवली, खेचला आणि पाय सुटला. ती स्वतःच चकित झाली. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मग सत्यभामेला चेव आला. तिनं दोन्ही हातांनी धरला, मग अंगावर पडून धरला. दोघी धुळीत लोळत होत्या आणि नेमकी त्याच वेळी जनाबाई तलावावरून धुणं घेऊन आली.

तिनं काय पाहिलं? नात खाली, सावत्र आई वर. धुण्याचं घमेलं टाकून देऊन म्हातारीनं असा हंबरडा फोडला, "धावा वो! मारून टाकली माह्या गोदावरीच्या लेकीले!" शेजारची सुमनबाई हातातल्या पळीसकट धावत आली. तिच्यामागं अर्धी आळी. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं, असा सगळ्यांच्या तोंडावर भाव. सत्यभामा पोरीवरून बाजूला झाली. काय सांगावं, कोणाला सांगावं, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

बेबी उठली. केसांत भुसा, कोपर सोललेलं. तिनं त्या सगळ्यांकडं पाहिलं.

"काहून वरडून राहिले तुमी? आमी खेळून राहिलो."

लोक हिरमुसले होऊन परत गेले. सुमनबाईची भाजी तिकडं करपली. सत्यभामेचा भातही त्या संध्याकाळी लागला, कारण चुलीपुढं बसून ती एकच शब्द घोळवत होती. आमी. पोरगी 'आमी' म्हणाली.

त्यानंतर रोज दुपारी अंगणात पकडापकडी होऊ लागली. जनाबाई खाटेवर बसून ओरडायची, "कंबर मोडशीन वो तिची!" पण हे आता कोणासाठी ओरडते, ते तिलाही नीट कळत नसावं.

संघ ठरला, बेबीचं नाव आलं. जिल्ह्याचे सामने जवाहरनगरला, कारखान्याच्या मैदानावर. आणि खरी पंचाईत तिथं झाली. खेळायला हाफपँट लागणार होती. गोमाजी तडकला. "माही पोरगी उघड्या पायानं चार गावच्या लोकांपुढं नाचणार नाई." जनाबाई म्हणाली, "सख्खी माय असती तं असं करू देली असती का?" हा बाण कोणाला मारलेला होता ते सांगायला नको. सत्यभामेपुढं दोन्हीकडून भिंत. पाठवावं तर सावत्र म्हणून मोकळी सोडली. अडवावं तर सावत्र म्हणून पोरीचं चांगलं पाहवलं नाही.

ती नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "धान लावाले आमी समद्या बाया गुडघ्यावर लुगडं खोचून वाकतो, तवा बांधावर उभे राहून तुमीच आमाले घाई करता न? तवा पाय दिसत नाईत? पोरगी जाईन. लोकं मले काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. सवय हाये मले."

गोमाजी उठला. पागोटं डोक्यावर ठेवून बाहेर निघून गेला. त्या घरात त्याचा होकार असाच असायचा.

बाजारातून निळं कापड आणून सत्यभामेनं हातानं पँट शिवली. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती पोरीच्या डोक्याला तेल लावत होती. बेबी पाठमोरी होती. पाठमोरी होती म्हणूनच बोलली असेल.

"माय असती तं मले पाहाले आली असती का?"

सत्यभामेचा हात थांबला. "आली असती," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पहाटे उठून चूल पेटवायच्या आधी तिनं गळ्यातला काळा दोरा सोडला. गोदावरी नेते तर नेवो, तिनं मनाशी म्हटलं, पण आज तिनं पोरीसोबत जायला पाहिजे. निळ्या पँटच्या पट्ट्यात पुतळी घातली, वरून घट्ट टाके घातले आणि पदर गळ्याभोवती लपेटून घेतला. तेवढ्याशा चांदीचं काय ओझं असेल! पण मान रिकामी रिकामी लागली. तरी तिनं शिदोरी बांधली आणि मुलींसोबत ती स्वतःही निघाली. सुलोचनाबाईंनी तिला मोटारीत आपल्याजवळ बसवलं.

मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. भोवती कारखान्यातल्या लोकांची ही गर्दी. सत्यभामा रेघेबाहेर मुलींचं पाणी आणि चपला सांभाळत बसली. खेळाआधी पंचबाई एकेका मुलीची तपासणी करू लागल्या. नखं पाहिली, बांगड्या उतरवल्या, कमरेच्या पट्ट्यावरून हात फिरवला. बेबीपाशी त्यांचा हात थांबला.

"हे काय टोचतंय? धातू चालत नाही. काढ, नाहीतर बाहेर बस."

बेबीला काही ठाऊक नव्हतं. तिनं चाचपून पाहिलं. बोटांना तो आकार लागला आणि ती थिजली. मग ती वळली आणि सरळ सत्यभामेकडं चालत आली.

रीतीनं पुजलेली पुतळी, गोदावरी, आपण पोरीच्या पँटमध्ये शिवली! काय केलं हे! आता पोरगी सगळ्यांदेखत काय बोलेल, आणि बोलली तर तिचं चुकलं कुठं? आता हिला संघातूनही काढतील. सात पोरींतली एक कमी होईल. सगळा सत्यानाश आपल्या हातानं झाला.

बेबी पुढ्यात गुडघ्यावर बसली. पट्टा उलटवून दातानं टाके तोडले. पुतळी तळहातावर आली. मग तिनं हात पुढं केला आणि सत्यभामेच्या गळ्याचा पदर बाजूला सारला. गळ्यात नुसतं मंगळसूत्र होतं, काळा दोरा नव्हता. तिथं पाहायला कोणी नव्हतं म्हणून की काय, पोरीची नजर वर आली. वीतभर वर. थेट डोळ्यांत.

"तू हे काढली?"

"तुह्यासंगं यावी म्हणून..."

"अन् तुले काई झालं तं?" बेबीचा आवाज चिरकला. "आजी काय सांगते ते मालूम हाये न तुले? एक गेली. आता तुले काई झालं तं मी काय करू?"

इतकी वर्षं उपाशी माणसापुढं एकदम भरलं ताट आलं, तर घास घशाखाली उतरतो का!

पंचबाईंनी शिट्टी मारली. बेबीनं आपल्या वेणीची लाल फीत सोडली, पुतळीच्या कडीतून ओवली आणि सत्यभामेच्या गळ्यात बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आता काढाची नाई. दोघी इथंच बसा. अन् पाहा."

पळत गेली. एक वेणी बांधलेली, एक सुटलेली.

सामना त्या हरल्या. समोरच्या मुली थोराड होत्या, काही इलाज नव्हता. पण बेबीची पहिलीच चढाई लोकांनी डोक्यावर घेतली. दोघींनी तिचा घोटा पकडला, ती आडवी झाली, सगळ्यांना वाटलं गेली. तेवढ्यात तिनं टाच फिरवली, पाय खेचला आणि सरपटत रेघ शिवली. सुलोचनाबाई शिट्टी विसरून नुसत्या टाळ्या पिटत होत्या.

सत्यभामेला मात्र त्यातलं काही धड दिसलं नाही. डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात मुलींचा पाण्याचा तांब्या होता. दुसऱ्या हाताच्या चिमटीत तिनं पुतळी धरली होती, तोंड मैदानाकडं फिरवून, तिला नीट दिसावं म्हणून.

"पाह्य वो बाई," ती पुतळीला सांगत होती, "पाह्य आपली पोरगी."